शरद म्हणजे ऑटम नव्हे

दिवाळीआधी आम्ही अक्कलकोटहून गाडीने गाणगापूरला गेलो. मी स्टेटसला टाकलं, ‘ऑटम ड्राइव्ह’. भाषांतर तिथेच फसलं. इंग्रजी चित्रांतला ऑटम म्हणजे तांबडी-पिवळी पानगळ. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक: पाऊस ओसरलेला, आभाळ धुतलेलं, काळ्या रानात ज्वारीची पेरणी. कलबुर्गी म्हणजे तुरीचं कोठार, त्यामुळे पिवळं दिसतं ते पान नाही, तुरीचं फूल.

आणि डोंगर? नाहीत. बसाल्टचं पठार, सरळ रस्ता. पण संगमावर अमरजेला भेटणारी भीमा निघते सह्याद्रीत, भीमाशंकरला. म्हणजे घाट आम्हाला लागला नाही, घाटावरचं पाणी मात्र भेटलं.

मग ‘ऑटम’ला मराठीत काय म्हणायचं? ‘शरद’ लिहिलं तर महिने जुळतात, चित्र बदलतं. ‘पानगळ’ लिहिलं तर चित्र जुळतं, महिने चुकतात. कीट्सच्या ‘टू ऑटम’मध्ये (१८१९) तर भर पिकलेल्या फळांवर आणि कापणीवर आहे. तिथे मी बिनधास्त ‘सुगी’ लिहीन. परीक्षेत गुण गेले तरी चालतील.

स्टेटस मात्र त्याच रात्री बदललं: ‘तुरीतून गाणगापूर’.