वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय? छोट्या व्यवसायाला त्याचा उपयोग कसा होतो?



मागच्या दिवाळीच्या दीड महिना आधीची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली. त्यांचा महिला बचत गट आहे, दिवाळीचा फराळ करून विकतात. म्हणाल्या, "मॅडम, एकजण आम्हाला वेबसाईट करून देतो म्हणतोय. पंचवीस हजार सांगतोय. घ्यायची का?"

मी विचारलं, "वेबसाईट कशाला हवी?" तेव्हा खरी अडचण बाहेर आली. त्याच्या आदल्या वर्षी तिघीजणी ऑर्डर घेत होत्या. एकीची वही, दुसरीचं व्हॉट्सॲप आणि तिसरीचं सगळं डोक्यात! चकली चाळीस किलो केली होती आणि तिघींची बेरीज निघाली त्रेपन्न किलो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं आणि डबे रिकामे. ॲडव्हान्स परत द्यावा लागला, आणि दरवर्षीची दोन घरं कायमची तुटली ती वेगळीच.

त्यांना वेबसाईट नको होती. त्यांना हवं होतं वेब ॲप्लिकेशन. या दोन शब्दांत आपण नेहमी गोंधळ करतो, म्हणून आज तेच समजून घेऊया.

फलक आणि खिडकी

शाळेच्या दारात सूचना फलक असतो. येणारा जाणारा वाचतो आणि पुढे जातो. साधी वेबसाईट म्हणजे असा फलक: दुकानाचा पत्ता, फोटो, दर. आता ऑफिसची खिडकी आठवा. तिथे तुम्ही अर्ज देता, आत रजिस्टरमध्ये नोंद होते, काही तपासलं जातं आणि तुमच्या हातात दाखला येतो. वेब ॲप्लिकेशन म्हणजे ही खिडकी. ती ब्राउझरमध्येच उघडते, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

तुम्ही अशा खिडक्या रोज वापरता. 2002 पासून आयआरसीटीसीच्या साईटवर रेल्वेचं तिकीट मिळायला लागलं, ते वेब ॲप्लिकेशन. महाभूलेखवर सातबारा बघता, ते वेब ॲप्लिकेशन. आपल्या शिक्षकांचं पगारबिल ज्या शालार्थ प्रणालीत भरलं जातं, तेही वेब ॲप्लिकेशनच. 2004 मध्ये आलेलं जीमेल आणि 2005 मधलं गूगल मॅप्स यांनी तर लोकांना दाखवून दिलं की पूर्ण पान पुन्हापुन्हा न उघडता ब्राउझरमध्येही संगणकावरच्या सॉफ्टवेअरसारखं भराभर काम करता येतं. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, ती मुख्यतः शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून. त्यावर पुढे तिकिटं आणि चकल्या विकल्या जातील असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही.

आत काय चालतं?

तीन भाग लक्षात ठेवा. तुमच्या समोरचा ब्राउझर, दूर कुठेतरी चालू असलेला सर्व्हर नावाचा संगणक आणि त्याच्याजवळचा डेटाबेस म्हणजे नोंदींचं रजिस्टर. तुम्ही बटण दाबलं की ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो. सर्व्हर नियम तपासतो, रजिस्टरमध्ये लिहितो किंवा वाचतो आणि उत्तर परत पाठवतो.

यात एक गंमत आहे. वेबच्या मूळ पद्धतीत सर्व्हरला मागची विनंती आठवत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही त्याला नवखेच! म्हणून लॉगिन केल्यावर तो तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देतो, त्याला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. म्हणूनच नेट कॅफेत किंवा शाळेच्या संगणकावर नुसतं पान बंद करून उठू नका, लॉगआऊट करा. पान बंद झालं तरी बिल्ला बऱ्याचदा तिथेच राहतो.

व्यवसायाचा खरा फायदा कुठे आहे?

"कुठूनही, केव्हाही वापरता येतं" हे उत्तर सगळे देतात. बरोबर आहे, पण माझ्या मते खरा फायदा दुसराच आहे. नोंद एकाच ठिकाणी राहते आणि त्या नोंदीला नियम लागू होतात.

समजा, दोन किलो चकली शिल्लक आहे. एकाच मिनिटाला दोघींना फोन आला, दोघींनी वहीत बघितलं आणि दोघींनी "हो, मिळेल" सांगितलं. झाला घोळ! नीट बनवलेल्या ॲप्लिकेशनमध्ये दोघींनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी डेटाबेस त्यांना एकामागून एक घेतो. पहिलीची नोंद पूर्ण होईपर्यंत दुसरी थांबते, मग दुसरीला "शिल्लक नाही" असं दिसतं. रेल्वेचा एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये म्हणूनही हेच तत्त्व लागतं. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात: व्यवहार पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही, अर्धवट राहणार नाही.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. पंचवीस हजार वाचवायचे म्हणून मी त्यांना गूगल शीट करून दिली. नाव, फोन, पदार्थ, किलो, ॲडव्हान्स. तिघींना मोबाईलवर उघडून दिली. आठ दिवस छान चाललं. मग यादी अक्षरांप्रमाणे लावावी म्हणून मी लॅपटॉपवर फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट केला. नावं हलली, बाकीचे रकाने जागच्या जागी! कुणाची चकली कुणाच्या नावावर, कुणाचा ॲडव्हान्स कुणाच्या खात्यात. घाम फुटला. नशीब, शीटमध्ये जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात. व्हर्जन हिस्टरीतून सकाळची यादी परत आणली.

शीट हे रजिस्टर आहे, पण त्याच्या दारात राखणदार नाही. ज्याला संपादनाचा अधिकार आहे, तो काहीही कुठेही लिहू शकतो. ॲप्लिकेशनमध्ये तुम्ही रजिस्टरला थेट हात लावत नाही, खिडकीतूनच बोलता. म्हणून मी मग गूगल फॉर्म केला. ऑर्डर फॉर्ममधूनच यायची, किलोच्या जागी आकडाच भरायचा, शीट फक्त बघायला. तरी एक उणीव राहिलीच. चाळीस किलो झाले की फॉर्म आपोआप थांबत नाही, रोज रात्री कुणीतरी बेरीज बघून तो बंद करावा लागतो. हे काम हाताने जमेनासं झालं की समजा, आता खरं ॲप्लिकेशन घ्यायची वेळ आली.

घ्यायचंच असेल तर काय विचाराल?

प्रत्येक वेळी नवीन बनवून घ्यायची गरज नसते. बिलिंग, स्टॉक, ऑर्डर यांसाठी तयार वेब ॲप्लिकेशन महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर मिळतात. पण सही करण्याआधी विचारा: आमच्या नोंदी एक्सेलमध्ये परत काढून घेता येतील का? हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण नाहीतर वर्गणी बंद केली की गिऱ्हाइकांची यादीही गेली. डोमेन नाव कुणाच्या नावावर नोंदवणार? ते बनवणाऱ्याच्या नावावर नको, गटाच्या नावावर हवं. दरवर्षीचा खर्च किती? बॅकअप कोण घेणार? आणि तिघींना तीन वेगळे पासवर्ड द्या, म्हणजे कोणती नोंद कुणी केली ते कळतं. गिऱ्हाइकांचे फोन नंबर ही त्यांची खाजगी माहिती आहे. 2023 मध्ये त्यासाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे.

इंटरनेट गेलं तर? आमच्याकडे वीज गेली की रेंजही जाते. म्हणून वही फेकून देऊ नका. रेंज नसताना आलेली ऑर्डर वहीत लिहायची आणि रेंज आल्यावर फॉर्ममध्ये भरून त्या ओळीवर टिक करायची, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मला सुचलं नव्हतं.

मागच्या दिवाळीला एकोणचाळीस किलोवर फॉर्म बंद झाला. एक किलो त्यांनी मुद्दाम घरच्या पाहुण्यांसाठी ठेवली होती. या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर फॉर्म सुरू करायचं ठरलंय, फक्त रात्रीची बेरीज बघायची पाळी कुणाची यावर अजून एकमत झालेलं नाही.