आवळ्याचा शॉट घरी केला, तर किती वाचेल?

प्रश्न : मी आणि माझे पती रोज सकाळी आवळा-आलं-हळदीचा ६० मिलीचा तयार शॉट घेतो. एक बाटली ८० रुपयांना पडते. आता हा खर्च जड जातो. घरीच करायचं म्हणून २२,००० रुपयांचा कोल्ड-प्रेस ज्यूसर हप्त्यांवर घ्यावा का? सोसायटीतल्या काही जणी विकतही मागताहेत. त्यासाठी परवाना लागेल का?
– एक गृहिणी, नाशिक

उत्तर : शॉट जरूर घरी करा, पण ज्यूसर घेऊ नका.

सध्या तुम्हा दोघांचे महिन्याला ४,८०० रुपये जातात. घरचा हिशेब असा : हंगामातला एक किलो आवळा ८० रुपये धरा. आलं, ओली हळद, लिंबं, मिरी आणि सैंधव मिळून आणखी ६० रुपये. आवळ्याच्या बिया काढून फोडी मिक्सरमध्ये फिरवा आणि सुती फडक्यातून पिळा. साधारण अर्धा लिटर रस निघतो. त्यात पाणी घातलं की १५ शॉट होतात. म्हणजे एक शॉट साडेनऊ रुपयांच्या आसपास. तुमच्या बाजारातले भाव घालून हा हिशेब पुन्हा करा. थोडा फरक पडेल, पण उत्तर बदलणार नाही. दोघांचा महिन्याचा खर्च ६०० रुपयांच्या आत राहतो आणि ४,२०० रुपये वाचतात.

या बचतीतून ज्यूसरचे पैसे सव्वापाच महिन्यांत फिटतील, असं विक्रेता सांगेल. पण ही बचत घरी करण्यामुळे होते, ज्यूसरमुळे नाही. तुमच्याकडे मिक्सर आहेच. ज्यूसरने रस थोडा जास्त निघेल, पण ८० रुपये किलोच्या आवळ्यात त्या जास्तीच्या रसाची किंमत किती? त्यातून २२,००० रुपये वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतील. हप्त्यांचं व्याज असलं तर ते वेगळंच.

कार्तिकापासून माघापर्यंत आवळा मुबलक असतो. तेव्हाच जास्त रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. रोज दोन खडे आणि थोडं पाणी पुरतं. ताजा रस फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. उरलेला चोथा मीठ-जिरं लावून वाळवला की त्याची सुपारी होते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक आवळा चावून खाणं. तो जेमतेम तीन रुपयांना पडतो आणि चोथाही पोटात जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मूतखड्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता विक्रीचं. ओळखीत आणि थोडंच विकलं, तरी तो खाद्यव्यवसायच ठरतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार छोट्या घरगुती उत्पादकाला परवान्याऐवजी नोंदणी करावी लागते. ‘फॉस्कॉस’ पोर्टलवर अर्ज करा आणि नोंदणी हातात आल्यावरच पहिली बाटली विका. बाटलीवर घटक, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ते लिहा. ‘मधुमेह बरा होतो’, ‘रक्तदाब उतरतो’ असे दावे लेबलवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरही करू नका. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने अशा जाहिरातींना मनाई आहे. दर ठरवताना बाटली, वीज, न खपलेला माल आणि तुमच्या श्रमाचे पैसेही धरा. साडेनऊ रुपये हा फक्त सामानाचा खर्च आहे. त्यावर दर ठरवलात, तर राबणं फुकट जाईल.