‘चला हवा येऊ द्या’ पाहताना

गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी ‘चला हवा येऊ द्या’च्या धर्तीवर कार्यक्रम बसवला होता. सभागृह हसत होते. मग एका मुलाने साडी नेसून, शाळेत माध्यान्ह भोजन रांधणाऱ्या मावशींची नक्कल केली. त्यांची चाल, त्यांचे हेल, बोलताना मधेच येणारे कानडी शब्द. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठून गेल्या. हसणाऱ्यांत आम्ही शिक्षकही होतो, हे आधीच लिहून टाकतो.

मुले म्हणाली, “सर, टीव्हीवरही असंच असतं.” खरेच तसे असते का, ते पाहू.

झी मराठीवर हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला आणि जवळजवळ दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याने निरोप घेतला. पुढे तो नव्या रूपात परतला, पण आपण त्या पहिल्या काळाविषयी बोलत आहोत. तेव्हा सूत्रसंचालन डॉ. निलेश साबळे यांचे असे. ते आयुर्वेदाचे डॉक्टर आणि फर्मास नकलाकार. नव्या चित्रपटाची किंवा नाटकाची मंडळी पाहुणी म्हणून येत. त्यांना प्रसिद्धी हवी असे, वाहिनीला प्रेक्षक. व्यवहार उघड होता. मग भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे वगैरे थुकरटवाडीकर त्याच पाहुण्यांच्या चित्रपटाची खिल्ली त्यांच्यादेखत उडवत.

इथे थांबून पाहा. ज्याची थट्टा होते तो निमंत्रित असतो, नामवंत असतो, समोर बसलेला असतो. थट्टा झाली की सूत्रसंचालक त्यालाच बोलते करतो. आपल्या मावशींना यातले काय मिळाले?

बोलीचेही तसेच. भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलतात, ती त्यांच्या मुलखाची भाषा. आपली बोली मंचावर नेणे वेगळे, दुसऱ्याची उचलून वेडावणे वेगळे. आणि ‘जायलोय, यायलोय’ आपल्यापैकी कितीतरी घरांत चालतेच की! मुलांनी वेडावली ती आजीचीच भाषा.

पुरुषाने साडी नेसली की हशा ठरलेला, ही त्या कार्यक्रमाची सवय आम्हांला कधीच पटली नाही. मुलांनी नेमके तेच उचलले. पोस्टमनचे पत्र मात्र कोणालाच आठवले नाही. ऐन हास्याच्या भरात सागर कारंडे पोस्टमन होऊन येत आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचत. हसणारे पाहुणे डोळे पुसू लागत. विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाने तेवढा वेळ गप्प राहायचे, ही सोपी गोष्ट नव्हे.

गृहपाठ असा: एखादा जुना भाग लावा, आवाज बंद करा आणि पाच मिनिटे फक्त पाहुण्यांचे चेहरे पाहा. कोण मनापासून हसतो, कोण कॅमेऱ्यासाठी, ते वहीत लिहा. पालकांनीही शेजारी बसावे.

मुलांनी मावशींची क्षमा मागितली, आम्हीही मागितली. यंदाच्या संमेलनात त्यांनी पाहुण्या म्हणून यावे, अशी विनंती केली. “बघते,” एवढेच म्हणाल्या. परवा होकार आला. अट एकच, पहिला प्रश्न त्या विचारणार.