मागचे ब्रेक घरी बदलताना

पनवेलला मागचे लायनर बदलायचे म्हणजे सकाळी ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी सोडायची आणि संध्याकाळी आणायची. अमेरिका-कॅनडात मजुरीचा आकडा ऐकला की नवीन माणूस थबकतो. पनवेल, पेण, उरणकडून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांतून हे काम वर्षानुवर्षं अंगणात होत आलंय. त्यांचं सांगणं इथे एकत्र केलंय.

आधी भाड्याचा करार वाचा. बऱ्याच संकुलांच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते. जागा सपाट आणि पक्की हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, मागे गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. स्प्रिंग काढायची अवजारं विकत घ्यायची गरज नाही; ऑटोझोनसारख्या दुकानात अनामत ठेवून ती मिळतात आणि परत केली की पैसेही परत येतात.

हँडब्रेक सोडूनही ड्रम निघत नसेल तर हातोडीने ठोकत बसू नका. उत्तरेकडे रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ड्रम हबला गंजून चिकटतो. अनेक जपानी ड्रमांना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बहुतेक वेळा 8 मिलिमीटरचे बोल्ट बसतात. दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम सुटून येतो.

आतली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. कॅनडाने त्यावर बंदी घातली ती 2018 साली. ब्रेक क्लीनरने धूळ ओली करूनच पुसा.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे सहसा उलट असतात. अदलाबदल झाली तर ब्रेक जवळ येण्याऐवजी सैल होत जातील. एक शू आखूड लायनरचा असेल तर तो बहुधा पुढच्या बाजूला येतो. तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे झिजला असेल तर नवा घ्या. व्हील सिलिंडरच्या रबराची कड उचलून बघा. आत ओल दिसली तर तेल गळतंय, आणि त्यावर नवे शू चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवखा माणूस चुकतो तो ॲडजस्टमेंटमध्ये. पेडल खोल जातं म्हणून हँडब्रेकची केबल ताणू नका. केबल सैल ठेवून आधी ॲडजस्टरची चक्री फिरवा. ड्रम हाताने सहज बसला पाहिजे आणि फिरवताना शू हलकेच घासल्याचा आवाज यायला हवा. दोन्ही बाजूंना सारखाच. मग पेडल पुष्कळदा दाबा, ड्रम पुन्हा फिरवून बघा आणि केबलकडे शेवटी वळा.

चाकांचे नट टॉर्कच्या पान्याने आवळा. पेडल घट्ट लागल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, सावकाश. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा थांबल्यावर एखादा ड्रम दुसऱ्यापेक्षा फार तापलेला वाटला तर परत खोला.

सुट्टीत पनवेलला गेलात तर आईबाबांच्या गाडीचंही बघा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवली तर शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला तरी पुरतं.