जळाला एक फ्लॅट, बिल चार मजल्यांचं

आग विझल्यावर दुरुस्तीचा जो पहिला आकडा येतो, त्यावर फार विसंबू नये. तो काढणारा लबाड असतो असं नाही. छत फोडल्याशिवाय आत काय आहे ते त्यालाही दिसत नाही, इतकंच. इंग्लंडमधल्या एका काउन्सिलच्या गृहनिर्माण समितीवर मी होतो, तेव्हा एकाच जळीत फ्लॅटसाठी वाढीव खर्चाचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आमच्यापुढे आले. आपली जी मंडळी आता अशा समित्यांवर जात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

इमारत साठच्या दशकातली. माणसं सगळी वाचली. फ्लॅट एकच जळला, पण बंबाचं पाणी खालचे तीन मजले उतरलं. पहिल्या अंदाजपत्रकात जळालेलं घर होतं, भिजलेली नव्हती. मग छतावरचं आर्टेक्स आलं. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये या खडबडीत लेपात ॲस्बेस्टॉस घालत. तो खरवडायचा तर आधी तपासणी आणि मग त्या कामाचं शिक्षण घेतलेली माणसं लागतात. गिलावा उतरला तेव्हा इंजिनियरने हातोडीने स्लॅब टोकून पाहिला आणि एका कोपऱ्यात गुलाबी छटा दाखवली. काँक्रीट साधारण 300 अंशांपलीकडे तापलं की खडीतल्या लोहामुळे तो रंग येऊ शकतो. तिथलं काँक्रीट किती खोल तासायचं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

ही वाढ खरी होती. ती अडवून धरली असती तर भाडेकरू तात्पुरत्या घरांत खितपत पडले असते आणि त्या घरांचा खर्चही आमच्याच माथी होता.

पण त्याच बेरजेत नवी किचन युनिट्स होती, नवा इंटरकॉम होता, जिन्यातले अग्निरोधक दरवाजे होते. विमा कंपनी होतं तसं करून देण्याचे पैसे देते, होतं त्याहून चांगलं करण्याचे देत नाही. म्हणून एकत्रित आकड्यावर हात वर करू नका. आगीने झालेलं, कायद्याने करावं लागणारं आणि हौसेचं, असे तीन वेगळे आकडे मागा. 14 जून 2017 ला ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 जण गेले, तेव्हापासून अग्निसुरक्षेचं नाव काढलं की समितीत सगळे गप्प होतात. नेमकं तिथे विचारायचं: हा दरवाजा आगीत गेला, की आधीपासूनच नियमात बसत नव्हता? दुसरं खरं असेल तर तसले दरवाजे आणखी कुठल्या इमारतींत आहेत, हेही लगेच विचारावं. कायद्यापायी वाढलेला खर्च भरून देणारं कलम पॉलिसीत आहे का, ते वाचून घ्यावं. पॉलिसी उघडून बसणारे सदस्य मला फारसे भेटले नाहीत.

कंत्राटदाराने भिजलेलं प्लास्टर विम्याच्या माणसाला न दाखवताच उतरवून स्किपमध्ये टाकलं. पुरावा म्हणून उरले दोन अंधुक फोटो, आणि तेवढ्या भागाचे पैसे कंपनीने नाकारले. असा नाकारलेला पैसा हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंटमधून, म्हणजे मुख्यतः इतर भाडेकरूंच्या भाड्यातून जातो. तेव्हा सर्व्हेयरने पाहून लेखी होकार दिल्याशिवाय काही फोडायचं नाही, ही अट मंजुरीतच घालून घ्या.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना घर विकत घेता येऊ लागलं, त्यामुळे अशा इमारतींत लीजवाले मालकही असतात. विम्याबाहेरच्या कामाचा वाटा प्रत्येकी 250 पौंडांवर जाणार असेल, तर 1985 च्या कायद्याच्या कलम 20 प्रमाणे त्यांना आधी नोटीस देऊन मत विचारावं लागतं. नाहीतर तेवढ्यावरच वसुली थांबते. निकड असेल तर ट्रायब्युनल सूट देऊ शकतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. आमच्याकडे ही शंका पहिल्यांदा काढली ती पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बस ड्रायव्हरने, आणि तोवर जिन्यात रंगारी आले होते.