दुरुस्त होणारा संगणक

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात शिवणयंत्र दुरुस्त करणारे एखादे चाचा असतीलच. पट्टा तुटला तर ते तेवढाच पट्टा बदलतात आणि यंत्र पुन्हा चालू होते. संगणकाचेही असेच असावे, नाही का?

आमच्या वर्गातील एका मुलीला तिच्या भाईजानचा जुना लॅपटॉप मिळाला. तो फार सावकाश चाले. बॅटरी तर पंधरा मिनिटांत संपे. दुकानदार म्हणाला, "हा टाकून द्या, नवा घ्या." तिचे अब्बा रिक्षा चालवतात. नवा लॅपटॉप म्हणजे त्यांची कित्येक महिन्यांची बचत!

मग एका कारागिराने तो पालथा करून स्क्रू काढले व झाकण उघडले. आत रॅमसाठी दोन खाचा होत्या. त्यांतली एक रिकामीच होती. तिथे रॅम बसवली, बॅटरी बदलली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, म्हणून ती झपाट्याने काम करते. आजकाल पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम डाख देऊन कायमची जोडलेली असते. ती वाढवता येत नाही. म्हणून लॅपटॉप घेताना रंग नंतर पाहा. आधी विचारा, यातले काय काय बदलता येते? अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने 2021 साली आणलेल्या लॅपटॉपचे भाग तर घरीच बदलता येतात. त्यासाठी लागणारा पेचकस खोक्यातच मिळतो.

पण यंत्र धडधाकट असून भागत नाही. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज 11 अनेक जुन्या संगणकांवर रीतसर चालत नाही. म्हणून या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घातले. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लोकांपुढे ठेवला. त्याचे मूळ लिखाण खुले आहे. ते कोणीही वाचावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. केरळच्या सरकारी शाळांतील मुले अशाच खुल्या सॉफ्टवेअरवर शिकतात.

लिब्रेऑफिसही असेच खुले आहे. त्यात उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी एकाच पानावर लिहिता येते. नस्तालिक अक्षरेही विनामूल्य मिळतात. आपल्यासारख्यांना याहून मोठी सोय कोणती?

अडचणी येतात, हे मात्र खरे. घरचा प्रिंटर दोन दिवस रुसून बसला होता. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले असते. ज्याचे काम त्यावरच आहे, त्याने विंडोज ठेवावे. या मुलीला निबंध लिहायचे होते, धडे पाहायचे होते आणि दहावीचे अर्ज भरायचे होते. तेवढे सगळे झाले.

स्वाध्याय
1. दुकानदाराचे म्हणणे अब्बांना कठीण का वाटले असेल?
2. 'रुसून बसणे' हा शब्दप्रयोग प्रिंटरसाठी का वापरला आहे?
3. जवळच्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला भेटा. कोणता भाग सर्वांत जास्त वेळा बिघडतो, ते विचारून पाच वाक्ये मराठीत लिहा.