घासाच्या बियाण्यातून येणारी अमरवेल

लसूणघासाच्या हिरव्यागार वाफ्यात पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसू लागला, की आपण शेजाऱ्याच्या बांधाला नाहीतर कालव्याच्या पाण्याला दोष देतो. अंथुर्णे परिसरात घासाची राने पाहताना मी मात्र आधी विचारतो, बियाणे कोठून आणले? बहुधा उत्तर येते, बाजारातून, सुट्टे.

बाहेरून आलेले तण पुणे जिल्ह्याला नवे नाही. १९५५ साली पुण्यात गाजरगवताची नोंद झाली. ते परदेशी गव्हाबरोबर आले असे मानले जाते. तो गहू निदान खाण्यासाठी होता. अमरवेलीचे बी तर आपण पैसे मोजून, रान तयार करून, हाताने पेरतो. घासावर येणारी अमरवेलीची जात मूळची उत्तर अमेरिकेतील असून चाऱ्याच्या बियाण्यातूनच ती देशोदेशी पोहोचली.

एकरी १० किलो घासाचे बी लागते. किलोमागे अमरवेलीच्या १० बिया आल्या, तर एकरात १०० बिया, म्हणजे गुंठ्याला अडीच. उगवलेला कोंब दोऱ्यासारखा असतो, त्याला पाने नसतात. काही दिवसांत घासाचे खोड सापडले नाही तर तो मरतो. सापडले, की त्यात शोषकमुळे घुसवतो, आणि मग त्याचे जमिनीशी नाते तुटते. पुढचे सारे अन्नपाणी घासाचे! ३-४ वर्षे चारा देणारा घास अशाने लवकर मोडावा लागतो आणि दुभत्या जनावरांचा हिरवा चारा तुटतो.

म्हणून पिशवीवरील खूणचिठ्ठी पाहावी. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते. पावती जपून ठेवावी. सुट्टे बी घेण्याची वेळ आलीच, तर मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरावे. घासाचे बी पिवळसर, गुळगुळीत व मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. अमरवेलीचे त्याहून बारीक, गोलसर, करड्या-तपकिरी रंगाचे आणि खरखरीत असते. हाच खरखरीतपणा आपल्या उपयोगी पडतो. मखमलीच्या तिरप्या तुकड्यावरून बी सोडल्यास घासाचे घरंगळते, अमरवेलीचे अडकते. बियाणे स्वच्छ करणारी मखमली रुळांची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. घरी सगळे बी असे साफ होणार नाही, पण घ्यावे की परत करावे, एवढे नक्की कळते.

रानात वेल दिसलीच, तर फुलावर येण्याआधी तो ठिपका भोवतीच्या हातभर घासासह जमिनीलगत कापून जागेवरच जाळावा. वेल ओढून तोडू नये. राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो. बी धरलेली वेल जनावरांना घालू नये, कारण बी शेणातून जिवंत बाहेर पडते आणि खताबरोबर दुसऱ्या रानात जाते. बी जमिनीत अनेक वर्षे टिकते. अशा रानात पुन्हा घास न करता ज्वारी, मका किंवा ऊस घ्यावा. या पिकांवर ही वेल जगत नाही. कापणीचा विळा दुसऱ्या वाफ्यात नेण्यापूर्वी त्याला गुंडाळलेले दोरे काढून तेही त्याच आगीत टाकावेत.